तार वर, वीज खालून

टेबलावर मांडलेल्या मॉडेल रेल्वेच्या बोगद्यातून विजेचं इंजिन बाहेर पडतं. पेंटोग्राफ, म्हणजे छपरावरचा वीज घेणारा सांगाडा, वरच्या तारेला टेकलेला, मागे सहा डबे. पाहुणा हमखास विचारतो, "या तारेत करंट आहे?" बहुतेकांच्या घरी नसतो. तार शोभेची असते आणि वीज येते रुळांतून. एका बाजूची चाकं एका रुळावरून वीज घेतात, दुसऱ्या बाजूच्या चाकांतून ती परत जाते आणि मधे मोटर फिरते. म्हणून तर एकाच आसावरची दोन चाकं विजेच्या दृष्टीने एकमेकांपासून तोडलेली असतात.

पूर्वी अनेकजण तारेतही खरीच वीज सोडत. त्यात हौस होतीच, पण सोय जास्त होती. साध्या डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेच्या) पद्धतीत रुळांवरचा व्होल्टेज वाढवला की तिथली सगळी इंजिनं एकदम पळायला लागतात. एक इंजिन रुळांच्या विजेवर आणि दुसरं तारेच्या विजेवर ठेवलं, की एकाच मार्गावर दोन गाड्या वेगवेगळ्या हाकता येत.

आता ते काम इंजिनाच्या पोटातला डिकोडर, म्हणजे निरोप वाचणारं छोटं सर्किट, करतो. या डीसीसी (डिजिटल कमांड कंट्रोल) पद्धतीत रुळांवर कायम पूर्ण व्होल्टेज असतो, फक्त त्याची दिशा सतत उलटसुलट होत राहते. दर 58 मायक्रोसेकंदांनी उलटली तर तो 'एक', साधारण 100 मायक्रोसेकंदांनी उलटली तर 'शून्य'. म्हणजे वीज आणि निरोप एकाच रुळांवरून येतात. प्रत्येक डिकोडरला स्वतःचा पत्ता असतो, दुसऱ्याच्या निरोपाकडे तो लक्ष देत नाही.

खरी गंमत मात्र आकार लहान करताना होते. एचओ हे सर्वांत लोकप्रिय माप, प्रमाण 1:87, दोन रुळांमधलं अंतर 16.5 मिलिमीटर. लांबी 87 पट कमी झाली की घनफळ 87 गुणिले 87 गुणिले 87, म्हणजे साडेसहा लाखांहून जास्त पटींनी कमी होतं. स्वित्झर्लंडच्या गोथार्ड घाटात मालगाड्या ओढणारं 'क्रोकोडाइल' इंजिन सुमारे 128 टनांचं होतं. या हिशेबाने त्याचं मॉडेल दोनशे ग्रॅमसुद्धा भरत नाही. इतकं हलकं इंजिन रुळांवर नीट दाबून बसत नाही आणि चाकांना वीजही धड मिळत नाही. म्हणून बनवणारे आत धातूचं वजन भरतात. टेबलावरचं इंजिन प्रमाणाच्या मानाने चांगलंच जाडजूड असतं म्हणायचं!

वेगाचं गणित याहून चमत्कारिक आहे. वीज तोडल्यावर गाडी किती घरंगळेल हे वेगाच्या वर्गावर ठरतं. समजा खरी गाडी 870 मीटर जाऊन थांबते. टेबलावर ती 10 मीटर जायला हवी. पण वेग 87 पट कमी, त्याचा वर्ग 7569 पट कमी, त्यामुळे घर्षण तेवढंच धरलं तरी मॉडेल जेमतेम साडेअकरा सेंटिमीटरवर थांबतं. खरं तर मोटरचे गिअर त्याला त्याआधीच जखडतात. यावर उपाय म्हणून मोटरच्या दांड्यावर पितळी फ्लायव्हील, म्हणजे फिरत राहणारी जड चकती, बसवतात. मोटर भराभर फिरते, त्यामुळे बोटाच्या पेराएवढी पितळी चकतीसुद्धा इतकी ऊर्जा साठवते की रुळावरच्या मळकट जागेवरून इंजिन न अडखळता पुढे सरकतं.

आणि मळ तर कायमचाच. चाक आणि रूळ टेकतात ती जागा सुईच्या टोकाएवढी. तिथे संपर्क क्षणभर तुटला की बारीक ठिणगी उडते आणि काळा थर धरतो. मीही सुरुवातीला रूळ सँडपेपरने घासले. चकचकीत झाले आणि आठवड्याभरात आधीपेक्षा काळे पडले, कारण घासताना पडलेल्या चऱ्यांमध्येच मळ बसतो. तेव्हापासून फक्त अल्कोहोल आणि सुती फडकं.

चाकांना चढवलेल्या रबरी कड्यांबद्दल माझं मत चांगलं नाही. चढावर पकड मिळते हे खरं, पण रबर वीज वाहत नाही, म्हणजे तेवढी चाकं वीज घेण्याच्या कामातून बाद.

क्रोकोडाइल संग्राहकांचं लाडकं आहे. मधे केबिन, पुढे-मागे लांब नाकं आणि तिन्ही भाग एकमेकांना जोडलेले. घाटातल्या वळणांसाठी केलेली ही रचना टेबलावरच्या घट्ट वळणांवरही उपयोगी पडते.

पण जुनं मॉडेल घेताना आधी तळाची ओतीव चौकट बघावी, रंग नंतर. जुन्या काळी जस्ताच्या मिश्रधातूत शिसं मिसळून गेलं, तर धातूच्या कणांच्या सांध्यांतून गंज आत शिरत जातो. चौकट फुगते, वाकते, बारीक भेगा पडतात. मूळ डब्यात जपून ठेवलेलं, कधीच न चालवलेलं इंजिनही यातून सुटत नाही, आणि एकदा सुरू झालेलं हे दुखणं थांबवता येत नाही. म्हणून मी इंजिन उलटं धरतो, टॉर्च लावतो आणि नखाने कडेकडेने चाचपत जातो.