नवा कॉम्प्युटर घेताय? जुन्यातला डेटा नीट आणण्यासाठी

विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट (सुरक्षेचे अपडेट वगैरे) मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 ला थांबवला. त्यामुळे बेळगाव, खानापूर, निपाणी भागातले आमचे बरेच ग्राहक नवा कॉम्प्युटर घेताहेत, आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो, "जुना डेटा येईल ना?" येतो. पण फोल्डर कॉपी झाला म्हणजे काम झालं, असं धरू नका. फाइल नव्या कॉम्प्युटरवर उघडली, वाचता आली, छापता आली, तरच ती आली म्हणायची.

काय काय न्यायचं

डॉक्युमेंट्स आणि फोटो सगळ्यांना आठवतात. राहून जातं ते डेस्कटॉपवरचं, डाउनलोड्समधलं, डी ड्राइव्हमधलं आणि ब्राउझरमध्ये जपून ठेवलेले पासवर्ड. आउटलुक वापरत असाल तर त्याची मेलची फाइल वेगळी शोधावी लागते. प्रोग्रॅम मात्र कॉपी करून चालत नाहीत, ते नव्याने टाकावे लागतात.

टॅली (हिशेबाचा प्रोग्रॅम) असेल तर डेटाचा बॅकअप घ्या आणि जुन्या कॉम्प्युटरवरून लायसन्स आधी सरेंडर करा, म्हणजे परत सोडा, मग ते नव्यावर चालू करता येतं. जुना आधीच फॉरमॅट करून बसलात तर हे काम उगीच किचकट होतं. डिजिटल सहीच्या टोकनलाही (यूएसबीत लावतो ते) नव्या कॉम्प्युटरवर त्याचा ड्रायव्हर टाकावा लागतो. रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका.

मराठी आणि कन्नड फाइलींची खास काळजी

आपल्या भागात हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. लग्नपत्रिका, सोसायटीचे ठराव, शाळेची पत्रकं, वकिलांचे मसुदे असं कितीतरी काम वर्षानुवर्षं श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये झालंय, आणि कन्नड कागद नुडीत किंवा बरहमध्ये. यातल्या जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या खुर्चीत मराठी किंवा कन्नड अक्षर बसवलेलं असतं. तो फॉन्ट नव्या कॉम्प्युटरवर नसला की मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चित्रविचित्र खुणा दिसतात. लोक घाबरतात, फाइल खराब झाली म्हणून डिलीटही करतात. कृपा करून करू नका. फाइल शाबूत असते, फक्त फॉन्ट नसतो. दुसरा कुठलाही मराठी फॉन्ट लावून भागत नाही, कारण प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. त्यासाठी तोच फॉन्ट लागतो.

म्हणून जुना कॉम्प्युटर चालू आहे तोवरच महत्त्वाच्या फाइली उघडून त्यांची पीडीएफ काढून ठेवा. पीडीएफमध्ये फॉन्ट सहसा आतच साठतो, त्यामुळे ती कुठेही तशीच दिसते. ज्या मजकुरात पुढे बदल करायचे आहेत तो युनिकोडमध्ये (सगळ्या कॉम्प्युटरवर चालणारी अक्षरांची सामाईक पद्धत) बदलून घ्या. बदलून देणारे प्रोग्रॅम मिळतात, पण पहिली वेलांटी आणि रफार यांत ते चुकतात: जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर, युनिकोडमध्ये हा क्रम उलटा. तेव्हा माणसाने एकदा वाचणं आवश्यक आहे, विशेषतः नावं आणि गावं. विकत घेतलेल्या फॉन्टच्या सॉफ्टवेअरचा डोंगल (ते चालू होण्यासाठी यूएसबीत लावायची चावी) असेल तर तोही जपून ठेवा. नव्या विंडोजवर ती आवृत्ती चालेल का, ते जुना कॉम्प्युटर काढण्याआधी विचारा.

कॉपी करताना

कट-पेस्ट नको, कॉपीच करा. मध्येच वीज गेली तरी मूळ फाइल जागेवर राहते. पावसाळ्यात खानापूरकडे विजेचा भरवसा नसतो, म्हणून डेस्कटॉप असेल तर यूपीएसवर लावा. लग्नाचा मोठा व्हिडिओ पेन ड्राइव्हवर जागा असूनही जात नसेल, तर तो ड्राइव्ह बहुधा फॅट 32 पद्धतीचा आहे. त्यात 4 जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला की मावते, पण फॉरमॅटने आधीचं सगळं पुसलं जातं, हे लक्षात ठेवा.

जुना कॉम्प्युटर सुरूच होत नसेल तरी धीर सोडू नका. पुष्कळदा हार्ड डिस्क ठीक असते, ती काढून यूएसबी कनेक्टरने नव्याला जोडता येते. मात्र डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर लगेच बंद करा आणि पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नका.

नव्या लॅपटॉपवर

विंडोज 11 मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग-इन केलं की डिस्क बऱ्याचदा आपोआप कुलूपबंद होते. तिची 48 आकडी रिकव्हरी की (ते कुलूप उघडायचा नंबर) त्या खात्यात साठवली जाते. म्हणून खातं स्वतःच्याच ईमेलवर उघडा. दुकानदाराच्या नको, आमच्याही नको. पुढे कधी ती की लागली तर ती तुमच्याच हातात असली पाहिजे.

जुना विकण्याआधी

किमान महिनाभर तो तसाच ठेवा. काय राहिलं ते काम करतानाच आठवतं. त्यानंतरही नुसतं डिलीट किंवा क्विक फॉरमॅट करून विकू नका, हार्ड डिस्कवरचा तो डेटा परत काढता येतो, आणि त्यात तुमचं आधार, पासबुकं, जमिनीचे उतारे असतात. डिस्क पूर्ण पुसून घ्या, नाहीतर काढून स्वतःकडे ठेवा.

दुकानात येताना जुन्या लॅपटॉपचा चार्जर, डोंगल आणि टोकन सोबत आणा. पासवर्ड आम्हाला लिहून देऊ नका, तुम्ही समोर बसून टाका.