वाळीत पडलेली पिल्लं : ॲनिमेशनपटांतल्या एकटेपणाची पार्श्वभूमी

हान्स ख्रिश्चन अँडरसनची कुरूप पिल्लाची गोष्ट १८४३ सालची. गदिमांच्या गाण्यामुळे ती आपल्याकडे घरोघरी पोचली. डिस्ने स्टुडिओने तिच्यावर दोनदा लघुपट काढला, आणि दोन्हींचे शेवट निराळे आहेत. १९३१च्या कृष्णधवल लघुपटात कोंबडीच्या पिल्लांत बदकाचं एक पिल्लू निघतं. सगळे त्याला हाकलतात. पुढे वादळात ती पिल्लं नदीतून वाहून जाऊ लागतात, हे त्यांना वाचवतं, तेव्हा कुठे त्याला घरात जागा मिळते. १९३९च्या रंगीत आणि ऑस्करविजेत्या लघुपटात पिल्लाला हंस भेटतात. म्हणजे आधी उपयोगी पड, नाहीतर आपली माणसं शोध. हाकलणाऱ्यांना जाब कोणीच विचारत नाही.

'डम्बो' (१९४१) याच वळणावरचा, तरी मनाला फार लागणारा. बिल टिटला या ॲनिमेटरने आपल्या लहानग्या मुलाकडे बघून हत्तीच्या पिल्लात जीव ओतला. ते पिल्लू अख्ख्या चित्रपटात एक शब्द बोलत नाही. त्याचे कान बघून हत्तिणी कुजबुजतात, पाठ फिरवतात. आईला डांबून ठेवलेलं असतं, तिची सोंड गजांमधून बाहेर येते आणि त्याला झुलवते. शेवटी मात्र ज्या कानांची थट्टा झाली त्यांनीच तो उडतो, हत्तिणींवर शेंगांचा मारा करतो, आणि हिशेब मिटतो. ज्याला उडता येत नाही त्याने काय करायचं?

हा प्रश्न जपानी ॲनिमेशनने थेट हातात घेतला. शाळेतला छळ, तिथल्या भाषेत 'इजिमे', हा जपानचा जुना दुखरा विषय. २०१३ मध्ये त्याविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला. त्याच वर्षी योशितोकी ओइमा यांची 'कोए नो काताची' ही मंगा, म्हणजे जपानी चित्रकथा, साप्ताहिकात क्रमशः येऊ लागली. तिचं आधीचं छोटं रूप विषय नाजूक म्हणून बराच काळ अडून राहिलं होतं. २०१६ मध्ये नाओको यामादा यांनी तिच्यावर चित्रपट केला.

या चित्रपटात कर्णबधिर शोको सहावीच्या वर्गात येते. मुलं तिला छळतात, तिची श्रवणयंत्रं ओढून फेकतात. प्रकरण अंगाशी आल्यावर सगळा वर्ग शोया या एकाच मुलावर ढकलून मोकळा होतो आणि त्यालाच वाळीत टाकतो. पुढे त्याला भोवतालच्या प्रत्येक चेहऱ्यावर निळी फुली दिसते. कुणाशी थोडं जुळलं की तेवढीच एक फुली गळून पडते, बिनसलं की परत येते. एकटेपणा असा नेमका दाखवणं ॲनिमेशनलाच जमतं, असं मला मनापासून वाटतं. शोकोला इथे कुठलाही पराक्रम करून दाखवावा लागत नाही. बदलायचं असतं ते छळणाऱ्याने.

एक उणीव राहतेच. कथा शोयाच्या बाजूने जास्त झुकते. मूळ मंगेत एक अख्खं प्रकरण शोकोच्या नजरेतून आहे, इतरांचं बोलणं अर्धवट पुसलेल्या अक्षरांत छापलेलं. चित्रपटात ते तसं उतरलेलं नाही.