लुप्त सागरी प्राण्यांच्या पोहण्याचा जीवाश्मांवरून शोध

नामशेष झालेले सागरी प्राणी पाण्यात कसे पोहत, वळत, तरंगत किंवा तळावरून कसे चालत, हे त्यांच्या अवशेषांवरून ठरवण्याचा अभ्यास. हा पुराजीवविज्ञानाचा भाग असला, तरी त्याला शरीररचनाशास्त्र आणि द्रवगतिकी या दोन्हींची साथ लागते. खरी अडचण पहिल्याच पायरीवर येते. जीवाश्मात हाडे, दात, कवचे टिकतात; स्नायू, कूर्चा, कातडी आणि माशांसारखे मांसल पर बहुधा कुजून जातात. पोहणे तर नेमके याच नाहीशा झालेल्या भागांच्या जोरावर चालते. शिवाय गाळाच्या थरांखाली दबून शरीर चपटे होते, त्यामुळे त्याची मूळ जाडी किती होती तेही आधी शोधावे लागते.

इक्थिओसॉर या माशासारख्या दिसणाऱ्या सागरी सरीसृपाची शेपूट याबाबतीत बरेच शिकवून जाते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मिळालेल्या अनेक सांगाड्यांत शेपटीचे टोक खाली वळलेले होते. ती मेल्यानंतरची मोडतोड समजून चित्रांत शेपूट सरळ काढली जाई. हे वळण दर वेळी साधारण एकाच जागी का येते, असा प्रश्न ब्रिटिश शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांना पडला. तिथे उभा, मांसल पर असावा आणि मेल्यावर त्याच्यामुळे शेपूट त्या जागी निखळत असावी, असे अनुमान त्यांनी १८३८ मध्ये मांडले. पर खरा निघाला, निखळणे मात्र खरे नव्हते. १८९० च्या दशकात जर्मनीतील होल्त्समाडेन येथील काळ्या शेल खडकात कातडीची बाह्यरेषा शाबूत राहिलेले नमुने पुढे आले. त्यांत चंद्रकोरीसारखा पुच्छपर स्पष्ट दिसत होता. कणा त्याच्या खालच्या पाळीत उतरला होता. वरच्या पाळीत आणि पाठीवरच्या परात हाडाचा मागमूस नव्हता. कातडी टिकली नसती, तर पाठीवर पर होता हे कदाचित कधीच कळले नसते.

आता मात्र शेपटीचे वळण नुसत्या हाडांवरूनही ओळखता येते. वळणाच्या जागचे मणके पाचरीसारखे असतात, वरून रुंद आणि खालून अरुंद. शेपूट मेल्यावर मोडली असती, तर मणक्यांचा आकारच असा झाला नसता. हीच खूण मोसासॉर या दुसऱ्या लुप्त सागरी सरीसृपांच्या शेपटीत दिसल्यावर, ते सापासारखे वळवळत पोहत हे जुने चित्र डळमळीत झाले. जॉर्डनमधील एका मोसासॉरच्या अवशेषात पुच्छपराचा ठसाच टिकलेला असल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मणक्यांनी दिलेल्या साक्षीला दुजोरा मिळाला. प्राचीन देवमाशांतही एखादाच मणका असा उपयोगी पडतो. आजच्या देवमाशांत आडव्या पुच्छपराच्या बुडाशी दोन्ही बाजूंनी फुगीर असा एक गोलसर मणका असतो. डोरुडॉन या प्राचीन देवमाशाच्या सांगाड्यात तसाच मणका आढळत असल्याने त्यालाही आडवा पुच्छपर होता असे मानले जाते. हाडांची घनताही माहिती देते: जड, भरीव हाडे उथळ पाण्यात सावकाश वावरणाऱ्यांत, तर सच्छिद्र हाडे खुल्या समुद्रात राहणाऱ्यांत अधिक आढळतात.

सर्वांत चिवट कोडे प्लेसिओसॉर या सागरी सरीसृपाचे. इंग्लंडमधील लाइम रीजिस येथे जीवाश्म गोळा करणाऱ्या मेरी ॲनिंग यांना १८२३ मध्ये त्याचा जवळजवळ पूर्ण सांगाडा मिळाला, तेव्हापासून ते सुटत आलेले नाही. त्याचे चारही पाय जवळपास सारख्या वल्ह्यांत रूपांतरित झाले होते आणि असा एकही प्राणी आज जिवंत नाही. समुद्री कासव पोहताना मुख्यतः पुढच्या पायांवर भर देते, पेंग्विन पंखांवर. डी. एम. एस. वॉटसन यांनी १९२४ मध्ये होडीच्या वल्ह्यांसारखी पुढेमागे हालचाल सुचवली. जेन रॉबिन्सन यांनी १९७५ मध्ये पेंग्विनसारखे पाण्याखालचे ‘उडणे’ मांडले. वल्ह्याची पुढची कड जाड आणि मागची निमुळती, म्हणजे छेद पंखासारखा, हा त्या बाजूचा मोठा पुरावा. पुढे समुद्रसिंहासारखी मधली पद्धतही सुचवली गेली. छातीखालची हाडे रुंद ताटल्यांसारखी असल्याने वल्हे खाली दाबणारे स्नायू दणकट असणार, हे उघड आहे. पण चारही वल्ही एकाच तालात हलत की आळीपाळीने, हे सांगाडा सांगू शकत नाही.

इथे पाण्यालाच विचारावे लागते. २०१५ मध्ये मेयेरासॉरस या प्लेसिओसॉरचे संगणकीय प्रतिरूप हजारो प्रकारे पोहवून पाहिले गेले. रेटा मुख्यतः पुढच्या वल्ह्यांचा, मागची वल्ही दिशा आणि तोल सांभाळण्यासाठी, असे उत्तर आले. २०१७ मध्ये साउथॅम्प्टन विद्यापीठातील संशोधकांनी त्रिमितीय छपाईने बनवलेली वल्ही पाण्याच्या टाकीत हलवून पाहिली, तेव्हा वेगळेच दिसले. पुढच्या वल्ह्याने सोडलेले भोवरे योग्य क्षणी गाठले, तर मागच्या वल्ह्याचा रेटा ६० टक्क्यांपर्यंत आणि कार्यक्षमता ४० टक्क्यांपर्यंत वाढते. दोन्ही निष्कर्ष मुळातून परस्परविरोधी आहेत असे म्हणता येत नाही, कारण पहिल्यात प्रश्न संपूर्ण शरीराचा होता आणि दुसऱ्यात वल्ह्यांच्या जोडीचा. मागच्या वल्ह्यांना नुसते सुकाणू समजणे मात्र त्यानंतर अवघड झाले.

पाण्याची घनता हवेच्या सुमारे ८०० पट असल्याने आकाराबद्दलचे आपले अंदाज तिथे सहज चुकतात. इक्थिओसॉर सरड्यासारख्या शरीराकडून माशासारख्या शरीराकडे गेले, म्हणजे पाण्याचा विरोध घटत गेला असणार, असे कुणालाही वाटेल. २०१९ च्या संगणकीय अभ्यासात या बदलाने विरोधात फारसा फरक पडलेला दिसला नाही. पोहण्यातली ऊर्जा वाचवण्यात मोठा देह आणि शेपटीने रेटा देण्याची पद्धत अधिक मोलाची ठरली. अमोनाइट या गुंडाळीदार कवचाच्या लुप्त मृदुकाय प्राण्यांच्या कवचांची यंत्रे करून पाण्यात सोडली, तेव्हा अरुंद कवच सरळ जाण्यात सरस ठरले आणि रुंद कवच वळण्यात. २०२३ मध्ये तर सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वीच्या प्लुरोसिस्टिटिड या कंटकचर्मी (तारामाशाच्या गटातील) प्राण्याचा मऊ यंत्रमानव तयार झाला. मागचे शेपटीवजा देठ मोठ्या फटकाऱ्यांनी हलवले, की तो तळावरून चांगला पुढे सरके.

सांगाडा आणि यंत्र दोन्ही ‘काय शक्य होते’ तेवढेच सांगतात. प्रत्यक्षात काय घडले ते अश्मीभूत खुणांत सापडते. चीनमधील युन्नान प्रांतात नोथोसॉर या लुप्त सागरी सरीसृपांच्या वल्ह्यांचे समोरासमोरच्या जोड्यांत उमटलेले ठसे २०१४ मध्ये नोंदवले गेले. म्हणजे पुढचे दोन्ही पाय एकाच वेळी गाळात रुतत होते. जर्मनीतील सोल्नहोफेनच्या चुनखडकात नालाच्या आकाराच्या कवचाचा मेसोलिम्युलस (नालखेकड्याचा प्राचीन नातलग) ९.७ मीटर चालत गेल्याच्या पाऊलखुणा आहेत आणि शेवटी तो स्वतः आहे. तिथलीच ८.५ मीटर लांबीची दुसरी एक रेघ अमोनाइटची असून तिच्या टोकाशी कवच आहे. ती त्याच्या पोहण्याची खूण वाटावी, पण तशी नाही. प्रवाहाबरोबर वाहत जाणारे कवच तळाला घासत गेले आणि ही रेघ उमटली. आतला प्राणी त्याआधीच मेला होता.