मनोविकलतेचा बचाव: कलम २२ कोणाला लागू, कागदपत्रं कोणती, अडतं कुठे

"त्याचं मानसिक आजाराचं सर्टिफिकेट आहे. मग कोर्ट सोडेलच ना?" घरातल्या आजारी माणसाला गंभीर गुन्ह्यात अटक झाली की नातेवाईक बहुतेक वेळा पहिला प्रश्न हाच विचारतात. नुसत्या सर्टिफिकेटवर कोर्ट सोडत नाही. हे उशिरा कळतं आणि तोवर जो पुरावा गोळा करायला हवा होता तो हातातून गेलेला असतो, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

मनोविकलतेचा बचाव, म्हणजे मनाचा तोल गेल्याने कृत्य करताना समजच नव्हती हा बचाव, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये आहे. घटना त्याआधीची असेल तर जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ८४ लागू होतं. दोन्हीचा आशय एकच आहे. कृत्य करताना मनोविकलतेमुळे आपण काय करतो आहोत हेच त्या माणसाला कळत नसेल, किंवा ते चुकीचं वा कायद्याविरुद्ध आहे हे कळत नसेल, तर ते कृत्य गुन्हा ठरत नाही. याचं मूळ इंग्लंडमध्ये १८४३ साली मॅकनॉटन खटल्यानंतर ठरलेल्या नियमांत आहे. पंतप्रधान रॉबर्ट पील यांच्या सचिवाला गोळी घालणारा मॅकनॉटन निर्दोष सुटला, त्यावर गदारोळ झाला आणि हाउस ऑफ लॉर्ड्सने कसोटी घालून दिली. आपली कोर्टं आजही त्याच कसोटीवर चालतात.

सगळं अडतं ते "करताना" या एका शब्दावर. आजार पाच वर्षं होता, किंवा अटकेनंतर तुरुंगात दिसला, एवढ्याने भागत नाही. त्या दिवशी, त्या वेळी समज हरपलेली होती का, हेच कोर्ट बघतं. स्किझोफ्रेनियाचं निदान असलेला माणूससुद्धा त्या वेळी समजून-उमजून वागला असं दिसलं तर शिक्षा होते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ३ मध्येच म्हटलं आहे की केवळ मानसिक आजार ठरला म्हणून ती व्यक्ती मनोविकल आहे असं समजता येणार नाही. अपंगत्वाच्या प्रमाणपत्राचंही तेच. ते जरूर जोडा, पण त्यावर विसंबू नका.

राग अनावर झाला, स्वभावच संशयी आहे, हात आवरता आला नाही, ही कारणं या कलमात बसत नाहीत. स्वतःहून घेतलेली दारू किंवा अंमली पदार्थही नाही. नशेसाठी कलम २३ आणि २४ वेगळी आहेत आणि त्यातलं २३ वं मुख्यतः इच्छेविरुद्ध किंवा नकळत नशा दिली गेली असेल त्यालाच उपयोगी पडतं.

लोकांना वाटतं की गुन्हेगार वेडाचं सोंग घेऊन सर्रास सुटतात. आकडे तसं सांगत नाहीत. अमेरिकेतल्या आठ राज्यांचा १९९१ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की गंभीर गुन्ह्यांच्या शंभरातल्या जेमतेम एका खटल्यात हा बचाव घेतला गेला, आणि घेतलेल्यांपैकी साधारण चौथा हिस्सा यशस्वी झाला. आपल्याकडच्या उच्च न्यायालयांच्या दहा वर्षांतल्या १०२ निकालांचा अभ्यास २०१९ मध्ये आला. त्यात १८ जणांचा बचाव मान्य झाला, म्हणजे साधारण सहातला एक. हरलेल्यांपैकी किती जण खरोखर आजारी होते आणि केवळ कागद नव्हता म्हणून हरले, हा विचार मनातून जात नाही.

पुराव्याची जबाबदारी आरोपीवर असते (भारतीय साक्ष्य अधिनियम, कलम १०८, जुन्या पुरावा कायद्याचं कलम १०५). हे वाचून घाबरू नका. सरकार पक्षाला गुन्हा निःसंशय सिद्ध करावा लागतो, तुम्हाला तेवढं करावं लागत नाही. समज नव्हती ही शक्यता जास्त वाटते, इतपत दाखवता आलं तरी पुरे. दह्याभाई ठक्कर विरुद्ध गुजरात राज्य या १९६४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आणि घटनेच्या आधीचं, त्या वेळचं आणि नंतरचं वागणं एकत्र बघायला सांगितलं.

आता कागदपत्रं. सगळ्यात वजनदार कागद म्हणजे घटनेच्या आधीच्या उपचारांचे: ओपीडीचे केस पेपर, डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या चिठ्ठ्या आणि बिलंसुद्धा. आणि बहुतेक घरांत नेमके हेच नसतात. चिठ्ठी औषधाच्या पिशवीबरोबर फेकलेली असते, किंवा डॉक्टरआधी दोन वर्षं देवऋषाकडे फेऱ्या झालेल्या असतात आणि तिथला कागद कुठून येणार? रुग्णालयाकडे लेखी मागणी करा. २०१७ च्या कायद्याचं कलम २५ रुग्णाला आपली मूलभूत वैद्यकीय नोंद मिळण्याचा हक्क देतं. मात्र वेळ दवडू नका. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार दाखल रुग्णाच्या नोंदी डॉक्टरांनी तीन वर्षं जपायच्या असतात. "जुनं रेकॉर्ड नष्ट केलं" हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता अटकेच्या आठवड्यातच अर्ज टाकायला सांगतो. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.

कागद अजिबातच नसतील तर माणसं उभी करा. शेजारी, कामावरचे सहकारी, मुकादम, शिक्षक, ज्यांनी त्याचं बदललेलं वागणं डोळ्यांनी पाहिलं असे. फक्त आई आणि बायको साक्षीला आली की सरकारी वकील "घरचीच माणसं" म्हणून मोकळे होतात. घटनेनंतर तो पळाला का, हत्यार लपवलं का, की तिथेच बसून राहिला, हे बारकाईने टिपून ठेवा. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या एका पोलीस शिपायाला पत्नीच्या खुनाच्या आरोपातून याच बचावावर मुक्त केलं. तिथे सगळं जुळून आलं होतं: वडिलांनाही मानसिक आजार, स्वतःवर आधीपासून चालू असलेले उपचार, घटनेनंतर वारंवार रुग्णालयात न्यावं लागणं, क्षुल्लक हेतू, दिवसाढवळ्या घडलेलं कृत्य आणि पळण्याचा प्रयत्न नाही.

अटक होताच वैद्यकीय तपासणी होते (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ५३). तिथेच आजाराचा इतिहास सांगा, तो नोंदवायला लावा आणि तपास अधिकाऱ्याला मानसोपचारतज्ज्ञाकडून तपासणी करण्याचा लेखी अर्ज द्या. तपासात पूर्वीचा मनोविकार समोर आला तर आरोपीची तपासणी करून तो पुरावा कोर्टापुढे ठेवणं हे प्रामाणिक तपास अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे, असं बापू ऊर्फ गजराज सिंग विरुद्ध राजस्थान राज्य (२००७) या निकालात म्हटलं आहे. प्रत्यक्षात पोलीस ठाण्यात "ते कोर्टात सांगा" एवढंच ऐकू येतं. अर्ज लेखी असेल आणि त्यावर काहीच झालं नसेल, तर तोच कागद पुढे तपासातली त्रुटी म्हणून कामी येतो.

वकीलपत्र, आरोपपत्राची नक्कल ही नेहमीची कामं. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. कोठडीत असलेल्याला मोफत वकील मिळतो. बचाव पहिल्या उलटतपासणीपासून दिसला पाहिजे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५१ खाली आरोपीच्या जबाबात तो अचानक उगवला की कोर्टाला मागून सुचलेली सबब वाटते.

एक घोटाळा वकिलांकडूनही होतो. आरोपी आज खटला समजण्याच्या, बचाव करण्याच्या स्थितीत नसेल तर त्याच संहितेच्या कलम ३६७ आणि ३६८ खाली वेगळा अर्ज असतो. कोर्ट त्याची तपासणी करवतं आणि खटला थांबवू शकतं. त्या अर्जावरचा अहवाल आजच्या अवस्थेबद्दल असतो, घटनेच्या दिवसाबद्दल नाही. तो मिळाला म्हणजे कलम २२ जिंकलं असं समजून किती तरी घरं निर्धास्त होतात. आरोपी बरा झाला की खटला पुन्हा सुरू होतो आणि तेव्हा हातात काहीच नसतं.

बचाव मान्य झाला तरी माणूस त्या दिवशी घरी येईलच असं नाही. निकालात कृत्य त्याने केलं की नाही हे नमूद होतं. केलं असं ठरलं आणि एरवी तो गुन्हा झाला असता, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७४ नुसार कोर्ट त्याला सुरक्षित ठिकाणी ठेवायचा किंवा नातेवाईकाच्या ताब्यात द्यायचा आदेश करतं. ताबा घेणाऱ्याने अर्ज करावा लागतो आणि सुटलेला माणूस स्वतःला वा इतरांना इजा करणार नाही याची तजवीज करू, अशी कोर्टाचं समाधान होईल इतकी हमी द्यावी लागते. हे कोण करणार, औषधं रोज कोण देणार, हे निकालाच्या तारखेआधी घरात बसून ठरवा. ऐनवेळी विचारणा झाली की भाऊ भावाकडे बघतो, कोणीच पुढे होत नाही आणि निर्दोष सुटलेला माणूस मनोरुग्णालयातच राहतो.