घरातील झाडांची पाने उन्हाने करपणे (मुंबई)

मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन, कॅलाथिया, पीस लिली ही घरात लावली जाणारी झाडे मूळची उष्णकटिबंधीय जंगलातल्या मोठ्या वृक्षांखालची. थेट ऊन लागल्यास त्यांच्या पानांवर डाग पडून तो भाग मरतो. सावलीत उमललेले पान पातळ असते. अचानक कडक ऊन आल्यास ते वापरता येईल त्याहून जास्त प्रकाश शोषते, हरितद्रव्य नष्ट होते आणि पेशी मरतात. डाग आधी पांढुरका दिसतो, मग कागदासारखा कोरडा व तपकिरी होतो.

ओळखण्याची खूण सोपी आहे. दोन पाने एकमेकांवर आलेली असतील, तर खालच्या पानाचा झाकलेला भाग हिरवागार राहतो. खताच्या क्षारांनी शेंडे आणि कडा जळतात. बुरशीचे डाग, बहुधा पिवळ्या वलयासह, पसरत जातात. उन्हाचा डाग कुंडी हलवली की वाढायचा थांबतो.

मुंबईत दोष मे महिन्याला दिला जातो, पण खरा घात ऑक्टोबरात होतो. मेच्या मध्याला भर दुपारचा सूर्य डोक्यावर असल्याने ऊन खिडकीतून आत फारसे येत नाही. तेव्हा जपायच्या त्या पश्चिमेच्या खिडक्या. पाऊस सर्वसाधारणपणे ११ जूनला येतो आणि ८ ऑक्टोबरच्या सुमारास परततो. या काळात ढगाळ उजेडात फुटलेली कोवळी पाने आभाळ मोकळे होताच उघडी पडतात. त्यातच सूर्य दक्षिणेकडे कलल्याने दक्षिणेच्या ग्रिलमधल्या कुंड्यांवर दुपारचे ऊन येते. डिसेंबरात ते थेट खोलीत शिरते. काचेमुळे बचाव होत नाही. उलट काचेला टेकलेले पान अधिक तापते.

करपलेला भाग पुन्हा हिरवा होत नाही. कुंडी उन्हातून काढावी, माती वरून सुकली असेल तरच पाणी द्यावे. झाड सावरावे म्हणून लगेच खत घालण्याची हौस आवरावी. अर्धे हिरवे पान झाडासाठी अन्न करतच असते, म्हणून फक्त मेलेला भाग कापावा.

पूर्वेचे कोवळे ऊन बहुतेक झाडांना चालते. इतरत्र पातळ पडदा किंवा ५० टक्के सावलीची हिरवी जाळी लावावी. नर्सरीतले झाड बहुधा अशाच जाळीखाली वाढलेले असते, त्यामुळे त्याला उन्हाची सवय आठवडा-दोन आठवड्यांत हळूहळू लावावी. पानावरच्या पाण्याच्या थेंबांनी भिंगासारखे चटके बसतात, हा समज मात्र गुळगुळीत पानांबाबत २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत खोटा ठरला. लव असलेल्या पानांवर ते घडू शकते.