ऐकू येतं, पण लक्षात राहत नाही

वर्गात गोंगाट वाढला की शिक्षक हमखास विचारतात, "मागे ऐकू येतं ना रे?" मागच्या बाकांवरून "हो सर" असं उत्तर येतं आणि धडा पुढे सरकतो. मुलं खोटं बोलत नसतात, शब्द त्यांच्या कानापर्यंत पोहोचलेले असतात. पण त्यातलं डोक्यात किती टिकेल हे त्या 'हो'वरून कळत नाही, आणि गोंगाटाचा खरा फटका तिथेच बसतो.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पॅट्रिक रॅबिट यांनी १९६८ मध्ये हे एका साध्या प्रयोगातून दाखवलं. लोकांना एकामागून एक आकडे ऐकवायचे आणि नंतर आठवून सांगायला लावायचे. यादीचा पहिला भाग नेहमी शांततेत. दुसरा कधी शांततेत, कधी खरखरीत. खरखर बेताचीच होती, आकडा कोणता हे त्यातूनही ओळखता येत होतं. तरीही दुसरा भाग खरखरीत ऐकलेल्यांना पहिल्या भागातले आकडेही कमी आठवले. हे पहिले आकडे तर स्वच्छ ऐकू आले होते! झालं असं, की पुढचे आकडे खरखरीतून निवडून घेण्यातच मन गुंतलं आणि आधीचे मनात घोळवायला उसंत मिळाली नाही. लक्ष देण्याची ताकद एकाच खिशातल्या पैशांसारखी असते. ऐकण्यावर जास्त खर्च झाली की लक्षात ठेवायला कमी उरते.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कॅनडातल्या मार्गारेट पिकोरा-फुलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये तरुण आणि वृद्धांना गोंगाटात वाक्यं ऐकवली. गोंगाट वाढला तसे ओळखता आलेले शब्दही नंतर आठवेनासे झाले, आणि वृद्धांना याचा त्रास अधिक झाला. लग्नाच्या मांडवात आजोबांना काही सांगितलं, त्यांनी मान डोलावली आणि संध्याकाळी ते त्यांच्या लक्षात नव्हतं, तर "आजोबांची आठवण गेली" असं लगेच ठरवू नये. आधी त्यांचे कान तपासून घ्यावेत. आणि निरोप सांगायचा तर टीव्ही बंद करून, समोर बसून सांगावा.

आता वर्गाकडे वळू. गोव्यात जून उजाडला की पाऊस आणि अभ्यास एकत्रच चालतात. मंगळुरी कौलांखाली पावसाचा आवाज त्यातल्या त्यात सौम्य असतो. पत्र्याखाली मात्र जोराची सर आली की बाईंना थांबावंच लागतं. आकड्यांत सांगायचं तर नेहमीच्या बोलण्याचा आवाज एक मीटरवर ६० ते ६५ डेसिबल असतो. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की तो सुमारे ६ डेसिबलने घटतो, म्हणजे आठ मीटरवर १८ डेसिबल कमी. खोलीत भिंतींवरून आवाज परततो म्हणून घट इतकी होत नाही. पण भिंती, फरशी, कौलं सगळंच कडक असेल तर तोच परतलेला आवाज शब्दांत शब्द मिसळून टाकतो. मुलांना नीट कळण्यासाठी शिक्षकांचा आवाज भोवतालच्या आवाजापेक्षा १५ डेसिबल तरी वर असावा, असं या विषयातले तज्ज्ञ मानतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये वर्गातल्या पार्श्वभूमीच्या आवाजासाठी ३५ डेसिबलची मर्यादा सुचवली. आपल्याकडे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार शाळांभोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात दिवसा ५० डेसिबलची मर्यादा आहे. पावसाला अर्थात कुठलाच नियम लागू होत नाही, पण पत्र्याखाली छत घालणं, काथ्याच्या जाड चटया किंवा पडदे लावणं आपल्या हातात आहे.

गोव्यात याला आणखी एक पदर आहे. घरी कोकणी, प्राथमिक शाळेत मराठी आणि पाचवीपासून इंग्रजी माध्यम, असा प्रवास इथली असंख्य मुलं करतात. नंतर शिकलेली भाषा शांततेत कितीही छान समजत असली तरी गोंगाटात ती मातृभाषेच्या आधी निसटते. लिन मेयो, मेरी फ्लोरेन्टीन आणि सोरेन बूस यांनी १९९७ मध्ये हे मोजलं होतं. मातृभाषेत अर्धा शब्द बुडाला तरी उरलेला आपण सवयीने भरून काढतो. नव्या भाषेत ही भर घालायला मेहनत पडते, आणि ती मेहनत पुन्हा त्याच खिशातून जाते. पाचवीतलं मूल विज्ञानाच्या तासाला मागे पडलं, तर ते मागच्या बाकावर, रस्त्याकडच्या खिडकीशी बसतं का, हे आधी पाहावं असं मी प्रत्येक शिक्षकाला कळकळीने सांगेन.

यातला एक उपाय फुकटचा आहे. विल्यम सम्बी आणि अर्विन पोलॅक यांनी १९५४ मध्येच दाखवलं होतं, की बोलणाऱ्याचा चेहरा दिसला तर गोंगाटात शब्द कितीतरी जास्त कळतात, आणि गोंगाट जितका मोठा तितका चेहऱ्याचा आधार मोठा. फळ्याकडे तोंड करून लिहिता लिहिता बोललं की हा आधार जातो. आधी लिहावं, मग वळून बोलावं.

इथवर ऐकून शिकण्याचं झालं. एकट्याने वाचत बसलं की चित्र पालटतं, आणि गंमत म्हणजे तिथे पाऊस त्रास देत नाही. अमेरिकेत हर्बर्ट कोल आणि ॲलन वेल्श यांनी १९७६ मध्ये विद्यार्थ्यांना डोळ्यांनी अक्षरं वाचून क्रमाने लक्षात ठेवायला सांगितली आणि कानांवर जर्मन भाषण घातलं. त्यांना जर्मन येत नव्हतं, ऐकलेलं आठवायचंही नव्हतं. तरीही चुका वाढल्या. पुढे डिलन जोन्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की शब्दच हवेत असंही नाही, सतत बदलणारे सूरही तेवढाच गोंधळ घालतात. एकच सूर पुन्हापुन्हा वाजला तर फारसं बिघडत नाही. पाढा, श्लोक, फोन नंबर असं क्रमाने लक्षात ठेवायचं काही आपण मनातल्या मनात पुटपुटत धरून ठेवतो. बाहेरचा बदलता आवाज नेमका त्या पुटपुटण्यात घुसतो. पंख्याची घरघर किंवा संततधार एकसुरी असते, म्हणून ती बाजूला पडते. शेजारच्या खोलीतली मालिका पडत नाही. चवथीच्या म्हणजे गणेशोत्सवाच्या दिवसांत घराघरांतून घुमट-शामेळ या वाद्यांच्या ठेक्यावर आरत्या चालू असताना सनावळी पाठ होत नाही, ती याचमुळे.

टीव्हीचा आवाज कमी केल्याने काम भागत नाही, हे मात्र बऱ्याच घरांत पटत नाही. पुटपुटण्यात घुसणाऱ्या या आवाजाचा उपद्रव त्याच्या मोठेपणावर फारसा अवलंबून नसतो. हळू बोलणंही जवळजवळ तितकंच नडतं. एक तर टीव्ही बंद करा, नाहीतर पंखा लावून ते बोलणं पुरतं झाका.

सगळ्यांना सारखाच त्रास होतो असंही नाही. एका कानात ऐकलेलं मोठ्याने म्हणत राहायचं आणि दुसऱ्या कानातल्याकडे दुर्लक्ष करायचं, असा एक जुना प्रयोग आहे. कॉलिन चेरी यांनी तो १९५३ मध्ये रूढ केला. दुसऱ्या कानात मध्येच आपलं नाव आलं तर कळतं का? अँड्र्यू कॉनवे आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये पाहिलं, तेव्हा एका वेळी मनात कमी माहिती धरू शकणाऱ्यांपैकी ६५ टक्के लोकांना ते ऐकू आलं. जास्त धरू शकणाऱ्यांपैकी फक्त २० टक्क्यांना. प्रत्येक आवाजाला मान वळवणारं मूल बेफिकीर असतं असं नाही, नको ते आवाज अडवणं त्याला जड जातं.

वर्षानुवर्षांच्या गोंगाटाचं काय? न्यूयॉर्कमधल्या एका शाळेशेजारून उन्नत रेल्वे जायची, दर साडेचार मिनिटांनी एक गाडी. आर्लीन ब्रॉन्झाफ्ट यांनी १९७५ मध्ये त्याच शाळेतल्या दोन बाजूंच्या वर्गांची तुलना केली. सहावीपर्यंत रुळांकडच्या वर्गांतली मुलं वाचनात जवळजवळ वर्षभर मागे पडलेली होती. मग रुळांखाली रबर बसवलं, वर्गांना आवाज शोषणारं छत लावलं. १९८१ च्या पाहणीत हा फरक उरला नव्हता. म्युनिकमध्ये १९९२ साली जुना विमानतळ बंद होऊन नवा दुसरीकडे सुरू झाला. तिथे नव्या विमानतळाजवळच्या मुलांचं वाचन आणि दीर्घकालीन स्मरण खालावलं, तर जुन्याजवळच्या मुलांचं सुधारलं.

हे वाचताना गोव्यातल्या माणसाच्या मनात दाबोळी आणि मोपा हे इथले दोन विमानतळ येणारच. जानेवारी २०२३ पासून मोप्याहून विमानं उडू लागली. दाबोळी मात्र बंद झालेला नाही आणि नौदलाचा तळही तिथेच आहे, त्यामुळे म्युनिकचा निष्कर्ष इथे जसाच्या तसा लावता येणार नाही. तरीही मोप्याजवळच्या पेडण्यातल्या आणि दाबोळीजवळच्या मुरगावातल्या शाळांमध्ये वर्गाच्या आत डेसिबल मोजत राहायला हवेत, वर्षाच्या वर्षाला. मोजलंच नाही तर छत बदलायला पैसे मागायचे कशाच्या आधारावर?

गोंगाटाचा उपयोगही होतो. १९९८ मध्ये अमेरिकेत हॅरी ग्रँट आणि सहकाऱ्यांनी काही विद्यार्थ्यांना शांततेत, तर काहींना कॅफेटेरियाच्या गोंगाटात एक लेख वाचायला दिला आणि नंतर चाचणी घेतली. वाचन आणि चाचणी एकाच वातावरणात झाली तेव्हा उत्तरं जास्त बरोबर आली. परीक्षेची खोली शांत असते, म्हणून अभ्यासही शांततेतच करावा. पण जत्रेतल्या नाटकात काम करणाऱ्यांचं गणित वेगळं. गावोगावच्या देवळांसमोर मराठी नाटकं होतात, तेव्हा बाहेर फेरी म्हणजे जत्रेतला बाजार भरलेला असतो, जनरेटर धडधडत असतो, खाज्याच्या दुकानांवर मोठमोठ्याने भाव चाललेला असतो, पोरं रडत असतात. घरी दार लावून पाठ केलेली नक्कल, म्हणजे आपल्या वाट्याचे संवाद, तिथे अडखळते. माझा सल्ला असा: पाठांतराचे पहिले दिवस शांततेत काढावेत, कारण संवादांचा क्रम मनात बसवायला तीच जागा योग्य. शेवटच्या तालमी मात्र देवळाच्या मंडपातच घ्याव्यात, माणसांची ये-जा चालू असताना, स्पीकर लावून, आणि जमल्यास प्रॉम्प्टरला त्या दिवशी सुट्टी देऊन.