निनावी शालेय आरोग्य पाहणी

किशोरवयीन विद्यार्थ्यांकडून, नाव न विचारता, आरोग्याला धोका पोहोचवणाऱ्या वर्तनाची माहिती प्रश्नावलीद्वारे गोळा करण्याची पद्धत. तंबाखू, दारू, अमली पदार्थ, मारामारी, दादागिरी, असुरक्षित लैंगिक संबंध, सीटबेल्ट न लावणे, उदासी आणि आत्महत्येचे विचार हे तिचे नेहमीचे विषय. यांतल्या बहुतेक गोष्टी दवाखान्याच्या कागदांवर फार उशिरा येतात, आणि आईवडिलांसमोर मूल त्या मोकळेपणाने बोलेलच असे नाही. म्हणून विचारायचे थेट मुलांनाच, पण कोणी काय लिहिले हे कोणालाही कळू न देता.

युरोपात १९८०च्या दशकात इंग्लंड, फिनलंड आणि नॉर्वेतील संशोधकांनी सुरू केलेली पाहणी आज दर चार वर्षांनी ११, १३ व १५ वर्षांच्या मुलांची होते. अमेरिकेत नववी ते बारावीची द्वैवार्षिक पाहणी १९९१मध्ये सुरू झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने १९९९मध्ये तंबाखूविषयीची आणि २००३मध्ये एकूण आरोग्याविषयीची शालेय पाहणी अनेक देशांत पोहोचली. तंबाखूच्या पाहणीच्या २०१९मधील भारतीय फेरीत १३ ते १५ वयोगटातील ८.५ टक्के विद्यार्थी तंबाखूचे सेवन करत असल्याचे आढळले.

साधारणतः आधी विद्यार्थिसंख्येच्या प्रमाणात शाळा निवडतात, मग त्या शाळांतील वर्ग चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडतात. निवडलेल्या वर्गातील सर्व मुलांना प्रश्नावली दिली जाते. भरायची की नाही हे प्रत्येकाने ठरवायचे. प्रश्न अगदी नेमके असतात. ‘तू सिगारेट ओढतोस का?’ असे न विचारता ‘गेल्या ३० दिवसांत किती दिवस सिगारेट ओढली?’ असे विचारतात आणि ‘एकही दिवस नाही’पासून ‘तीसही दिवस’पर्यंतचे पर्याय देतात.

निनावीपणाची खरी कसोटी वर्गात लागते. कागदावर नाव नाही एवढ्याने भागत नाही; शेजारच्या बाकावरच्या मुलाला काय दिसते हेही महत्त्वाचे. अमेरिकी पाहणीत ‘उत्तर नाही असेल तर अमुक प्रश्नावर जा’ अशी सूचनाच नसते. ती असती तर न ओढणारा भराभर पाने उलटून मोकळा झाला असता आणि ओढणारा मागे लिहीत राहिलेला सगळ्यांना दिसला असता. म्हणून प्रत्येकाला प्रत्येक प्रश्न लागू होईल अशीच उत्तरांची रचना केलेली असते. पाहणी शक्यतो बाहेरून आलेली प्रशिक्षित व्यक्ती घेते. वर्गशिक्षकांनी बाकांमधून फिरू नये अशी अपेक्षा असते. भरलेला कागद मूल स्वतः पाकिटात किंवा पेटीत टाकते.

नाव नाही म्हटल्यावर काही मुले थापाही मारतात. त्या पकडण्यासाठी युरोपातील १५-१६ वर्षांच्या मुलांच्या अमली पदार्थविषयक पाहणीत ‘रेलेविन’ या अस्तित्वातच नसलेल्या पदार्थाचे नाव घातलेले असते. अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात कृत्रिम हात किंवा पाय असल्याचे शाळेत लिहिणाऱ्यांपैकी जवळजवळ सगळ्यांचे म्हणणे घरच्या मुलाखतीत खोटे निघाले. एकूण मुलांत असे गमतीखोर थोडेच. पण लहान गटाची टक्केवारी काढताना तेवढेही आकडा बिघडवतात. परस्परविरोधी उत्तरे म्हणूनच विश्लेषणाआधी वगळतात.

अशा प्रश्नांनी मुलांच्या डोक्यात नको ते विचार भरतील, ही पालकांची धास्ती समजण्यासारखी आहे, आणि तिची तपासणी झालेली आहे. न्यूयॉर्क राज्यातील सहा माध्यमिक शाळांमधील २,३४२ विद्यार्थ्यांवरील प्रयोगात, आत्महत्येविषयी प्रश्न विचारलेल्या मुलांमध्ये न विचारलेल्यांपेक्षा अधिक त्रास किंवा आत्महत्येचे विचार आढळले नाहीत. हे निष्कर्ष २००५मध्ये प्रसिद्ध झाले. पालकांची संमती तरीही आवश्यकच. मात्र लेखी होकार आणल्याशिवाय मुलाला बसू द्यायचे नाही असा नियम केला, की सहभाग घटतो.

सर्वांत अवघड प्रश्न निनावीपणातूनच उभा राहतो. ‘गेल्या वर्षभरात आत्महत्येचा प्रयत्न केला’ या पर्यायावर खूण करणारे मूल कोण, हे शोधता येत नाही, आणि दिलेल्या शब्दाप्रमाणे शोधायचेही नसते. त्या मुलाला त्या दिवशी मदतीची गरज असू शकते, हे मान्य करूनच ही पद्धत वापरावी लागते. एकदा जरी शब्द मोडला, तरी पुढच्या वेळी कोणी खरे लिहिणार नाही. त्यामुळे समुपदेशक आणि हेल्पलाइनची माहिती सर्वच मुलांच्या हाती देणे हे पाहणीचे अंगच मानले पाहिजे. निकाल जाहीर करतानाही ही जबाबदारी संपत नाही. वय, लिंग आणि इयत्ता एकत्र केली तर छोट्या शाळेत मूल सहज ओळखू येते. म्हणून फार कमी मुलांच्या गटाचे आकडे देत नाहीत.

निकालांच्या उपयोगाचे आइसलँड हे ठळक उदाहरण. तिथे प्रत्येक शाळेला आणि गावाला आपापले आकडे लवकर दिले जातात, आणि पालक, शाळा, नगरपालिका त्यावर मिळून उपाय ठरवतात. मागच्या महिन्यात दारू पिऊन झिंगल्याचे सांगणाऱ्या १५-१६ वर्षांच्या मुलांचे प्रमाण १९९८मधील ४२ टक्क्यांवरून २०१६पर्यंत ५ टक्क्यांवर आले. क्रीडासुविधा, रात्री बाहेर राहण्यावरील वेळेची बंधने आणि पालकांचे संघटन यांचा त्यात मोठा वाटा मानला जातो. कोणत्या उपायाचा किती, हे केवळ पाहणीवरून सांगता येत नाही.

त्या दिवशी गैरहजर असलेली आणि शाळा सोडून गेलेली मुले या पाहणीत येत नाहीत. धोका बहुधा त्यांच्यातच जास्त असतो, त्यामुळे शालेय आकडे प्रत्यक्षापेक्षा सौम्य निघण्याची शक्यता असते. जिथे गळती मोठी आहे तिथे सोबत घरोघरची पाहणीही करावी लागते.